टक्केवारीचा छेद: आरोग्य आणि सामाजिक सर्वेक्षणाच्या माहितीचे संगणकावर विश्लेषण कसे करावे

सर्वेक्षणाची फाइल हातात आली की तिच्यावर लगेच एखादी चाचणी चालवून पाहण्याचा मोह होतो, आणि आजची सॉफ्टवेअर तो क्षणात पुरा करतात. आर, स्टाटा, एसपीएसएस किंवा पायथन यांपैकी काहीही वापरा. आज्ञा दिली की तक्ता समोर येतो, त्यात टक्केवारी असते, पी-मूल्य (प्रत्यक्षात फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) असते आणि दशांशचिन्हापुढे तीन-चार अंकही असतात. मात्र त्या टक्केवारीच्या छेदात नेमकी कोणती माणसे धरली आहेत, हे कोणतेही सॉफ्टवेअर आपण होऊन विचारत नाही. अशा माहितीच्या विश्लेषणातल्या गंभीर चुका शोधायला गेले, तर त्या बहुधा छेदातच सापडतात, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पुढचे सगळे विवेचन त्याच अंगाने केले आहे. वाचकाला टक्केवारी, सरासरी आणि एखाद्या सॉफ्टवेअरची तोंडओळख आहे, एवढे गृहीत धरतो.

उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच काल्पनिक सर्वेक्षण घेऊ. ४८ वस्त्या निवडून प्रत्येकीतून २५ याप्रमाणे १२०० प्रौढांना भेटले. त्यांतले ६०० शहरी भागातले आणि ६०० ग्रामीण भागातले. प्रत्येकाचे वय, लिंग, शिक्षण आणि उत्पन्न विचारले व रक्तदाब मोजला. 'तुम्हाला उच्च रक्तदाब आहे असे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का', असा प्रश्न सर्वांना केला आणि ज्यांनी 'हो' म्हटले त्यांनाच पुढे औषधाबद्दल विचारले.

आधी प्रश्नावली, मग फाइल

विश्लेषणाची पहिली पायरी म्हणजे कोरी प्रश्नावली हातात घेऊन ती पहिल्या प्रश्नापासून वाचणे. 'उत्तर नाही असल्यास प्रश्न क्रमांक अमुकवर जा' अशा सूचना जिथे जिथे येतात, तिथे पेन्सिलने खूण करावी, कारण त्या प्रत्येक सूचनेपाशी छेद बदलतो. आपल्या सर्वेक्षणात ४२० जणांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होता किंवा त्यांचे औषध चालू होते, त्यांपैकी २१० जणांना आपला आजार ठाऊक होता आणि १५० जण औषध घेत होते, असे समजू. आता 'किती टक्के लोक औषध घेतात' या प्रश्नाला तीन उत्तरे निघतात. सर्व प्रौढांच्या प्रमाणात ती संख्या १२.५ टक्के आहे, आजार ठाऊक असलेल्यांच्या प्रमाणात ७१.४ टक्के आणि आजार असलेल्या सर्वांच्या प्रमाणात ३५.७ टक्के. तिन्ही उत्तरे गणिताने बरोबर आहेत. औषधाच्या चलावर (म्हणजे फाइलीतल्या त्या उत्तराच्या रकान्यावर) सरळ वारंवारता तक्ता मागितला, तर सॉफ्टवेअर ज्यांना प्रश्न विचारलाच नाही अशांना वगळते आणि ७१.४ टक्के दाखवते. तोच आकडा 'रुग्णांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक उपचार घेतात' असा अहवालात गेला, तर निम्म्या रुग्णांना आपल्या आजाराचा पत्ताच नाही, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाचकापासून लपून राहते.

म्हणून विश्लेषण सुरू करण्यापूर्वी प्रत्येक नियोजित तक्त्यासाठी एक पूर्ण वाक्य लिहून ठेवावे: 'अमुक लोकांपैकी, तमुक असलेले किती.' हे वाक्य जमत नसेल, तर तो तक्ता करायची वेळ अजून आलेली नाही.

मूळ फाइलला हात लावू नये

मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, केवळ वाचनापुरती ठेवावी. सर्व बदल आज्ञांच्या फाइलीतून करावेत. आरमध्ये ती स्क्रिप्ट असते, स्टाटात डू-फाइल आणि एसपीएसएसमध्ये सिंटॅक्स. एसपीएसएस मेनूवरून चालवणाऱ्यांनी संवादचौकटीतल्या 'ओके' ऐवजी 'पेस्ट' हे बटण दाबण्याची सवय लावून घ्यावी, म्हणजे निवडलेली कृती सिंटॅक्सच्या खिडकीत लिहून येते आणि पुढच्या महिन्यात तीच कृती जशीच्या तशी पुन्हा करता येते. वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्तीही त्याच फाइलीच्या माथ्यावर नोंदवावी.

फाइल आत घेतल्यावर सर्वांत आधी ओळी मोजाव्यात. ही खबरदारी क्षुल्लक नाही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे जवळपास १६ हजार रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळले होते, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या स्वरूपातल्या फाइलीत घेतली जात होती आणि त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी नुसत्या गाळल्या गेल्या, आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही लांबला. क्षेत्रीय नोंदवहीतली संख्या, फाइलीतल्या ओळींची संख्या आणि एकमेव ओळख-क्रमांकांची संख्या या तिन्ही जुळल्या पाहिजेत. दोन फाइली जोडताना, उदाहरणार्थ कुटुंबाची आणि व्यक्तीची, जोडणीपूर्वीच्या आणि नंतरच्या ओळी पुन्हा मोजाव्यात. एका कुटुंबाला चुकून दोन ओळी असतील, तर त्या घरातली सगळी माणसे दुप्पट होतात.

संकेतांक आणि गहाळ उत्तरे

सर्वेक्षणाच्या फाइलींत 'माहीत नाही' साठी ९८ आणि 'उत्तर नाही' साठी ९९ असे संकेतांक सर्रास वापरतात. वयाच्या रकान्यात ९९ राहून गेले, तर सरासरी वय वर सरकते आणि तक्त्यावरून ते लक्षातही येत नाही. म्हणून प्रत्येक चलाचा किमान, कमाल आणि संपूर्ण वारंवारता तक्ता संकेतसूचीशी ताडून पाहावा, आणि हे संकेतांक गहाळ मूल्य म्हणून घोषित करावेत.

यानंतर प्रत्येक सॉफ्टवेअर गहाळ मूल्य कसे हाताळते, ते नीट माहीत हवे, कारण इथे स्टाटा आणि आर यांचे वागणे अगदी वेगवेगळे आहे. स्टाटा गहाळ मूल्य कोणत्याही संख्येपेक्षा मोठे मानते. त्यामुळे 'वय ६० पेक्षा जास्त' अशी अट घालून ज्येष्ठांचा गट तयार केला, तर ज्यांचे वय नोंदलेलेच नाही ते सगळे ज्येष्ठांत जाऊन बसतात. अटीला 'आणि वय गहाळ नाही' अशी जोड प्रत्येक वेळी द्यावी लागते. आर याबाबत कडक आहे; एकही मूल्य गहाळ असले तरी ते सरासरी देण्याचे नाकारते आणि वगळायचे असेल तर तसे स्पष्ट सांगायला लावते. ही अडवणूक त्रासदायक वाटते, पण ती उपकारक आहे. आरमध्ये धोका दुसरीकडे आहे: संख्या 'फॅक्टर' या प्रकारात आल्या असतील आणि त्यांचे थेट संख्येत रूपांतर केले, तर मूळ मूल्यांऐवजी वर्गांचे अनुक्रमांक हाती येतात. आधी मजकुरात आणि मग संख्येत, असे दोन टप्प्यांनी रूपांतर करावे. एसपीएसएसमधला धोका आणखी वेगळा आहे: त्यात 'सिलेक्ट केसेस' वापरून लावलेली गाळणी आपण काढेपर्यंत चालूच राहते. केवळ स्त्रियांसाठी तक्ता काढला, गाळणी विसरली, आणि पुढचे दहा तक्ते स्त्रियांचेच निघाले, असे सहज होते. खिडकीच्या तळपट्टीवर 'फिल्टर ऑन' दिसते का, हे पाहत राहावे.

आकड्यांची पाहणी

चाचण्यांआधी आलेख काढावेत. रक्तदाबाचा आयतालेख एक-एक एककाच्या रुंदीने काढला, की मोजणाऱ्यांच्या सवयी दिसू लागतात. पाऱ्याच्या यंत्रावर वाचन २ मिमीच्या टप्प्याने होते, म्हणजे शेवटचा अंक ० असण्याचे प्रमाण साधारण २० टक्के असायला हवे. ते ५०-६० टक्के दिसले, तर मोजणाऱ्यांनी आकडे सोयीने गोल केले आहेत. यात १४० वर मोठा ढीग साचतो आणि उच्च रक्तदाबाची मर्यादाही नेमकी तीच आहे. 'पेक्षा जास्त' आणि 'किंवा जास्त' या दोन चिन्हांतला फरक अशा वेळी रुग्णांची संख्या लक्षणीय बदलू शकतो. व्याख्या १४० किंवा अधिक अशी आहे, आणि आज्ञेतही तसेच लिहिलेले असले पाहिजे. वयाबाबतही हाच प्रकार घडतो. लोक ० आणि ५ ने संपणारी वये सांगतात. व्हिपल निर्देशांक २३ ते ६२ या वयांवरून हा कल मोजतो. त्याचे मूल्य १०० असेल तर कल नाही, आणि ५०० असेल तर सर्व वये ० किंवा ५ नेच संपतात.

अशक्य मूल्यांसाठी मर्यादा आधी ठरवाव्यात आणि त्या लिहून ठेवाव्यात. मुलांच्या वाढीच्या माहितीत हे काम सोपे झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार वयाच्या मानाने उंचीचा झेड-गुण (मानकाच्या मध्यापासून किती प्रमाण विचलने दूर, ते सांगणारा आकडा) उणे २ पेक्षा कमी असेल तर वाढ खुंटलेली मानतात, आणि तो उणे ६ पेक्षा कमी किंवा अधिक ६ पेक्षा जास्त असेल तर मोजमापच चुकले असे समजून ते वगळतात. प्रौढांच्या माहितीत अशी तयार मर्यादा नसेल, तर ती निकाल पाहण्यापूर्वी ठरवावी. निकाल पाहून ठरवलेली मर्यादा, हेतू कितीही चांगला असो, आपल्या अपेक्षेकडे झुकते. उत्पन्नासारख्या एका बाजूला लांब शेपूट असलेल्या चलासाठी सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे मूल्य, द्यावा.

भार आणि नमुन्याची रचना

इथे थोडे थांबायला हवे, कारण प्रकाशित कामातही हा भाग वारंवार निसटतो.

आपल्या नमुन्यात निम्मे लोक शहरी आहेत, पण प्रत्यक्ष लोकसंख्येत शहरी ३० टक्के आणि ग्रामीण ७० टक्के आहेत, असे समजू. शहरी ६०० पैकी २४० जणांना, म्हणजे ४० टक्क्यांना, उच्च रक्तदाब आहे; ग्रामीण ६०० पैकी १८० जणांना, म्हणजे ३० टक्क्यांना. सरळ भागाकार केला तर ४२० भागिले १२००, म्हणजे ३५ टक्के. परंतु हा छेद लोकसंख्येसारखा नाही, त्यात शहरी माणसे वाजवीपेक्षा जास्त आहेत. प्रत्येक शहरी व्यक्तीला ०.६ आणि प्रत्येक ग्रामीण व्यक्तीला १.४ असा भार दिला, की प्रमाण ३३ टक्के येते. प्रत्यक्ष सर्वेक्षणांत हे भार निवडीच्या संभाव्यतेवरून आणि प्रतिसादाच्या दरावरून काढलेले असतात आणि फाइलीसोबत मिळतात. ते कोणत्या प्रमाणात लिहिले आहेत, तेही पाहावे. डीएचएस (अनेक देशांत होणारी लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणे) प्रकारच्या फाइलींत भाराला दहा लाखांनी भागून मगच तो वापरायचा असतो.

भार लावला म्हणजे काम संपले असे नाही. एकाच वस्तीतली माणसे आहार, पाणी, उत्पन्न, दवाखान्याचे अंतर अशा अनेक बाबतींत एकमेकांसारखी असतात, म्हणून एका वस्तीतले २५ जण ही २५ स्वतंत्र माणसांची माहिती नसते. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी रूढ केलेला रचना परिणाम हा गुणांक हेच मोजतो. वस्तीतल्या निवडलेल्या व्यक्तींच्या संख्येतून १ वजा करायचा, त्याला वस्तीअंतर्गत सहसंबंधाने (एका वस्तीतली माणसे एकमेकांसारखी किती, ते सांगणाऱ्या आकड्याने) गुणायचे आणि १ मिळवायचा. सहसंबंध केवळ ०.०४ असला तरी २४ गुणिले ०.०४ अधिक १, म्हणजे जवळपास २ येतो. याचा अर्थ आपल्या १२०० जणांकडून मिळालेली माहिती साध्या यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या सुमारे ६०० जणांच्या माहितीइतकीच नेमकी आहे. ३३ टक्क्यांभोवतीचे ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरे प्रमाण ज्या पल्ल्यात असावे तो पल्ला, साध्या सूत्राने ३०.३ ते ३५.७ येते; रचना परिणाम धरला की ते २९.२ ते ३६.८ होते. साध्या सूत्राने 'लक्षणीय' ठरलेला फरक या रुंद अंतरालात विरघळून जाऊ शकतो.

म्हणून सॉफ्टवेअरला तीन गोष्टी एकदाच सांगाव्या लागतात: स्तर (इथे शहरी आणि ग्रामीण) कोणते, प्राथमिक नमुना एकक म्हणजे इथे वस्ती कोणती, आणि भार कोणता. स्टाटात एसव्हीवाय-सेट ही आज्ञा त्यासाठी आहे, आणि पुढच्या प्रत्येक आज्ञेआधी एसव्हीवाय हा उपसर्ग लावायचा असतो. आरमध्ये थॉमस लमली यांचे 'सर्व्हे' हे पॅकेज आहे. त्यात आधी रचनेची वस्तू तयार करतात आणि सर्व गणिते तिच्यावरच करतात. एसपीएसएसच्या मूळ भागातली 'वेट केसेस' ही सोय मात्र यासाठी पुरेशी नाही. ती भाराला वारंवारता समजते, म्हणजे १.४ भार असलेली व्यक्ती तिच्या हिशेबी जणू १.४ माणसे असतात. टक्केवारी त्यातून बरोबर येते, प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता मोजणारा आकडा) मात्र बरोबर येत नाही. त्यासाठी 'कॉम्प्लेक्स सॅम्पल्स' हा भाग वापरावा.

एका उपगटाचे विश्लेषण करायचे असेल, समजा केवळ ६० वर्षांवरील स्त्रियांचे, तर बाकीच्या ओळी फाइलीतून काढून टाकू नयेत. ओळी गेल्या की काही वस्त्या रचनेतून नाहीशा होतात आणि प्रमाण त्रुटी चुकते. स्टाटातला सबपॉप हा पर्याय, किंवा आरमध्ये रचनेच्या वस्तूवरच लावलेली सबसेट आज्ञा, हे काम योग्य रीतीने करते.

तुलना आणि रिग्रेशन

शिक्षण आणि उच्च रक्तदाब यांचा तक्ता मांडताना टक्केवारी शिक्षणाच्या वर्गात काढायची की रक्तदाबाच्या, हा प्रश्न पुन्हा छेदाचाच आहे. 'अशिक्षितांपैकी किती जणांना आजार आहे' आणि 'आजाऱ्यांपैकी किती जण अशिक्षित आहेत' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि जोखमीबद्दल बोलायचे असेल तर पहिलाच उपयोगी आहे.

तक्त्यात अशिक्षितांमध्ये आजार जास्त दिसेल, पण वृद्ध पिढीत शिक्षण कमी आणि रक्तदाब जास्त असतो. वयाचा प्रभाव वेगळा काढण्यासाठी लॉजिस्टिक रिग्रेशन वापरतात, म्हणजे आजार असणे-नसणे याचा अनेक चलांशी एकाच वेळी संबंध जोडणारे गणिती प्रतिमान. प्रतिमानात कोणती चले घ्यायची, हे सॉफ्टवेअरच्या पायरीपायरीच्या निवड पद्धतीवर सोपवू नये. कशामुळे काय घडते याचे आपले आकलन बाणांच्या आकृतीत कागदावर मांडून मग ठरवावे. वय हे शिक्षण आणि रक्तदाब या दोहोंवर परिणाम करते, म्हणून ते घ्यावे. शरीराचे वजन मात्र शिक्षणाच्या परिणामाच्या वाटेवरच येऊ शकते, कारण शिक्षणाने आहार व काम बदलते, त्यातून वजन आणि वजनातून रक्तदाब. शिक्षणाचा एकूण परिणाम हवा असताना वजन प्रतिमानात घातले, तर त्या परिणामाचाच एक भाग आपण पुसून टाकतो. याच कारणाने त्या एका प्रतिमानातल्या प्रत्येक चलाच्या गुणांकाला 'परिणाम' म्हणणेही योग्य नाही. प्रतिमान एका प्रश्नासाठी रचलेले असते आणि बाकीची चले त्या प्रश्नाच्या सेवेत असतात.

निकालात येणाऱ्या ऑड्स गुणोत्तराचा अर्थ सावधपणे लावावा. ऑड्स म्हणजे आजार असलेल्यांची संख्या भागिले नसलेल्यांची संख्या. शहरी ४० टक्के आणि ग्रामीण ३० टक्के, यांतले साधे प्रमाणांचे गुणोत्तर १.३३ आहे, पण ऑड्स गुणोत्तर १.५६ येते. त्यावरून 'शहरात धोका ५६ टक्क्यांनी जास्त' असे लिहिणे चूक आहे. आजार दुर्मीळ असताना दोन्ही आकडे जवळ येतात, इतका सर्रास असताना येत नाहीत. अशा वेळी सुदृढ प्रमाण त्रुटीसह पॉइसॉन रिग्रेशन वापरून थेट प्रमाणांचे गुणोत्तर काढावे, किंवा स्टाटातल्या मार्जिन्ससारख्या आज्ञेने अंदाजित टक्केवारी देऊन त्यांतला फरक सांगावा. सामान्य वाचकासाठी मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण टक्केवारीतला फरक समजायला कोणाला सूत्र लागत नाही.

पी-मूल्याबद्दल थोडक्यात. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात स्पष्ट केले आहे की पी-मूल्य परिणामाचा आकार किंवा निष्कर्षाचे महत्त्व सांगत नाही. शिवाय, प्रत्यक्षात कुठेच फरक नसताना ०.०५ च्या पातळीवर २० स्वतंत्र चाचण्या केल्या, तर निदान एक तरी 'लक्षणीय' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. उपगट पाडत पाडत मिळालेला निकाल तसा मिळाला आहे, हे वाचकाला सांगितलेच पाहिजे.

प्रतिमानातून कोण गळाले

रिग्रेशन चालवताना सॉफ्टवेअर ज्या व्यक्तीचे एकही चल गहाळ असेल तिला न विचारता वगळते. उत्पन्न सांगायला अनेक जण नकार देतात. आपल्या १२०० पैकी १८० जणांचे उत्पन्न आणि आणखी ३० जणांचे शिक्षण नोंदलेले नसेल, तर उत्पन्न घातलेले प्रतिमान ९९० जणांवर चालते. मग उत्पन्न न घातलेले पहिले प्रतिमान ११७० जणांवर, दुसरे ९९० जणांवर, आणि दोहोंतला फरक उत्पन्नामुळे आला की माणसे बदलल्यामुळे, हे सांगता येत नाही. तुलना करायची असलेली सर्व प्रतिमाने एकाच ओळींवर चालवावीत, आणि गळालेल्यांचे वय, लिंग व शिक्षण राहिलेल्यांशी ताडून पाहावे. उत्पन्न लपवणारे लोक बाकीच्यांहून वेगळे असतील, तर बहुगुणित आरोपण ही पद्धत विचारात घ्यावी. डोनाल्ड रुबिन यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत गहाळ जागी अनेक संभाव्य मूल्ये भरून अनेक पूर्ण फाइली तयार करतात, प्रत्येकीवर तेच विश्लेषण करतात आणि निकाल ठरावीक नियमांनी एकत्र करतात. आरमध्ये 'माइस' आणि स्टाटात 'एमआय' यासाठी आहेत. मूल्ये भरणाऱ्या प्रतिमानात आजार हे चलही असले पाहिजे; ते वगळले तर भरलेले उत्पन्न आजाराशी असंबद्ध राहते आणि खरा संबंध फिका पडतो. यादृच्छिक क्रमाचा आरंभांकही (सॉफ्टवेअर ज्या संख्येपासून तो क्रम सुरू करते तो 'सीड') नोंदवून ठेवावा, म्हणजे निकाल पुन्हा तोच येईल.

अहवालात काय लिहावे

प्रत्येक तक्त्याच्या तळाशी भार न लावलेली माणसांची संख्या द्यावी. डीएचएस अहवालांत ती २५ पेक्षा कमी असेल तर टक्केवारी छापत नाहीत आणि २५ ते ४९ असेल तर कंसात छापतात. हा संकेत इतरांनीही पाळण्याजोगा आहे. फार लहान चौकटींतून व्यक्ती ओळखू येण्याचाही धोका असतो, म्हणून छोट्या वस्तीचे, वयाचे आणि आजाराचे तिहेरी तक्ते प्रसिद्ध करू नयेत. ज्यांनी विश्वासाने उत्तरे दिली, त्यांच्याबद्दलची ही जबाबदारी विश्लेषकाकडेच येते.

किती जणांना गाठले, कितींनी प्रतिसाद दिला, कितींचा रक्तदाब मोजता आला आणि शेवटच्या प्रतिमानात किती उरले, हे चार आकडे ओळीने द्यावेत. आणि मुख्य निष्कर्ष अशा वाक्यात लिहावा: 'सर्वेक्षण केलेल्या लोकसंख्येतील प्रौढांपैकी ३३ टक्के व्यक्तींना (९५ टक्के विश्वास अंतराल २९ ते ३७, व्यक्ती १२००, नमुन्याचे भार, स्तर आणि वस्त्या विचारात घेऊन) उच्च रक्तदाब होता, म्हणजे त्यांचा रक्तदाब १४०/९० किंवा अधिक होता अथवा त्यांचे औषध चालू होते.'